गिनीपिगची सर्दी औषध संपलं की पुन्हा उलटते: चूक नेमकी कुठे होते?

औषधाचा कोर्स संपला, शिंका थांबल्या, गिनीपिग पुन्हा गवतावर तुटून पडला. आठ-दहा दिवस गेले आणि नाक परत ओलं. पुन्हा तेच औषध, पुन्हा चार दिवस बरे. नाशिकच्या थंडीत आणि भर पावसाळ्यात हा फेरा हमखास सुरू होतो आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला जनावर वजनाने बरंच उतरलेलं असतं.

मुळात ‘सर्दी’ हा शब्दच इथे फसवतो. माणसाची सर्दी बहुधा विषाणूंची असते आणि आठवड्यात आपोआप जाते. गिनीपिगच्या नाकातून पाणी येतं तेव्हा बहुतेक वेळा बोर्डेटेला किंवा स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जिवाणू कामाला लागलेले असतात. ते आपोआप जात नाहीत, खाली फुप्फुसात उतरतात. त्यात गिनीपिग जवळजवळ फक्त नाकानेच श्वास घेतो. नाक चोंदलं की माणसासारखं तोंड उघडून भागत नाही. तो तोंडाने श्वास घेताना दिसला, तर ती शेवटच्या टप्प्याची खूण आहे.

दुखणं उलटलं की बहुतेक जण ‘आता कोणतं वेगळं औषध द्यायचं’ इथून सुरुवात करतात. त्याआधीचा प्रश्न असा: शेवटचा डोस दिल्यापासून किती दिवसांनी उलटलं? कॅलेंडर काढा आणि मोजा. आठवडा-दहा दिवसांच्या आत उलटलं असेल तर ते जुनंच दुखणं आहे, बरं झालेलंच नव्हतं. चूक औषधाच्या बाजूला शोधायची. महिना-दोन महिने ठणठणीत राहून मग उलटलं असेल तर औषधाने आपलं काम केलं होतं. चूक पिंजऱ्यात, खाण्यात किंवा शेजारी राहणाऱ्या प्राण्यात आहे. आणि औषधाने मुळात फरकच पडला नसेल, नुसती घरघर किंवा धाप कमी-जास्त होत राहिली असेल, तर हा संसर्गच नसण्याची शक्यता धरून चाला. पुढचं सगळं याच तीन वाटांनी लिहिलं आहे.

आधी खात्री: हे खरंच दुखणं आहे का?

दिवसातून चार-पाच शिंका, त्याही गवतात तोंड घातल्यावर किंवा अंग चाटताना, ही काळजीची गोष्ट नाही. डोळ्यांत दुधासारखा पांढरा थेंब येतो आणि तो पुढच्या पायांनी तोंडावर फासून गिनीपिग तोंड धुतो, हेही नैसर्गिक आहे. नवखे लोक या पांढऱ्या थेंबालाच घाबरून डोळ्यांत औषध घालत बसतात.

दुखण्याच्या खुणा वेगळ्या. नाकाभोवती ओलावा किंवा वाळलेली पपडी. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले, कारण नाक तो तिथेच पुसतो. डोळ्यांच्या कडांना चिकटा. केस फुलवून, पाठ कुबडी करून कोपऱ्यात बसणं. फ्रिज उघडल्याच्या किंवा कोथिंबिरीच्या पिशवीच्या आवाजाला ओरडून दाद न देणं. एकाच नाकपुडीतून किंवा एकाच डोळ्यातून स्राव येत असेल तर साध्या संसर्गापेक्षा दाताच्या मुळाशी गळू, नाकात अडकलेली काडी किंवा डोळ्याला टोचलेलं गवत यांचा संशय आधी घ्यावा.

श्वास मोजायला शिका. गिनीपिग शांत बसलेला असताना, हातात न घेता, कुशीची हालचाल १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. मोबाइलवर व्हिडिओ काढून हळू वेगाने पाहिला तर मोजणं सोपं जातं. मिनिटाला साधारण ४० ते १०० श्वास ही मर्यादा धरतात. पण आपल्या जनावराचा निरोगी असतानाचा आकडा माहीत असणं जास्त उपयोगाचं. आकड्यापेक्षाही जोर महत्त्वाचा. प्रत्येक श्वासाला पोट आत खेचलं जात असेल, डोकं मागेपुढे होत असेल, मान लांब करून बसला असेल, तर आकडा काहीही असो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मग बरगड्यांना कान लावून ऐका. निरोगी छाती जवळजवळ गप्प असते. कोरडी पानं चुरगळल्यासारखा किंवा पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखा आवाज आला तर दुखणं खाली उतरलं आहे.

आठवड्याभरात उलटलं: औषधाची बाजू

पहिली आणि सर्वात घातक चूक म्हणजे घरातलं, लहान मुलाचं उरलेलं अँटिबायोटिक. मुलांच्या खोकल्या-तापाला लिहून दिलेलं सिरप बहुधा अमॉक्सिसिलिनचं किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचं असतं. हे गिनीपिगला पोटातून द्यायचंच नाही. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि सेफॅलेक्सिनसारखी सेफॅलोस्पोरिन या सगळ्यांना हाच नियम. गिनीपिगच्या आंधळ्या आतड्यात गवत पचवणाऱ्या उपयोगी जिवाणूंची वसाहत असते. ही औषधं तीच मारतात, मोकळ्या जागेवर क्लोस्ट्रिडियम नावाचा घातक जिवाणू माजतो आणि त्याच्या विषाने जनावर काही दिवसांत मरतं. छाती बरी होत असताना पोटाने जीव जातो, आणि मालक म्हणत राहतो की सर्दी डोक्यात गेली. कुत्र्या-मांजरांचाच सराव असलेल्या दवाखान्यात गेलात तर औषधाचं नाव विचारून घेण्यात काही गैर नाही. चांगला डॉक्टर रागावत नाही.

गिनीपिगला चालणारी आणि नेहमी लिहून दिली जाणारी औषधं म्हणजे एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, डॉक्सिसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल. कोणतं आणि किती हे पशुवैद्यक ठरवणार. पण डोसाचं गणित पडताळणं तुमच्या हातात आहे आणि उलटण्याचं मूळ पुष्कळदा या गणितातच सापडतं.

ट्रायमेथोप्रिम-सल्फाचं लहान मुलांचं सिरप घ्या. त्याच्या ५ मिलीमध्ये ४० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम आणि २०० मिलिग्रॅम सल्फा असतं. म्हणजे १ मिलीत दोन्ही मिळून ४८ मिलिग्रॅम. डॉक्टरांनी किलोला ३० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा असं सांगितलं आणि गिनीपिगचं वजन ९०० ग्रॅम असलं, तर एका वेळेला २७ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ०.५६ मिली. हे ‘अर्धा चमचा’ नव्हे. यासाठी १ मिलीची, ०.०१ च्या रेघा असलेली ट्युबरक्युलिन सिरिंज लागते, अर्थात सुई काढून. वजन अंदाजाने ‘पाऊण किलो असेल’ म्हणून सांगितलं आणि ते खरं १,१०० ग्रॅम निघालं, तर संपूर्ण कोर्स एक तृतीयांशाने कमी पडला. जिवाणू मरत नाहीत, फक्त दबतात. कोर्स संपताच वर येतात, आणि या वेळी त्या औषधाला थोडे सरावलेले असतात.

एन्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत उलटा धोका. नाशिक जिल्ह्यात पोल्ट्री भरपूर, त्यामुळे कोंबड्यांच्या पाण्यात टाकायचं १० टक्क्यांचं द्रावण कृषी आणि पशुऔषधांच्या दुकानात सहज मिळतं. त्याच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. ९०० ग्रॅमच्या गिनीपिगला किलोला १० मिलिग्रॅम या हिशेबाने ९ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ०.०९ मिली. १ मिलीच्या सिरिंजवर या जेमतेम नऊ बारीक रेघा, चुकून ०.९ मिली दिलं की दहापट. शिवाय ते द्रावण चांगलंच अल्कली असतं, तसंच तोंडात सोडलं तर घसा भाजतो. डॉक्टरांनी हेच लिहून दिलं असेल तर पातळ कसं आणि कशात करायचं हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. कॅल्शियमच्या थेंबांसोबत एन्रोफ्लॉक्सासिन देऊ नका. ते कॅल्शियमला बांधलं जातं आणि अंगी लागत नाही.

मग येतो कालावधी. नाकापुरत्या संसर्गाला साधारण १० ते १४ दिवस, छातीत उतरलेल्याला तीन-चार आठवडेही लागतात. चौथ्या दिवशी शिंका थांबतात, गिनीपिग औषध पाहून पळायला लागतो, आणि सहाव्या दिवशी बाटली फ्रिजच्या दारात विसावते. उलटलेल्या केसेसचं सर्वात साधं कारण हेच. दुसऱ्या बाजूने, सुरू केल्यापासून ४८ ते ७२ तासांत काहीच फरक नसेल तर दहा दिवस वाट पाहत बसू नका, डॉक्टरांना कळवा. लेंड्या मऊ झाल्या, जुलाब सुरू झाले किंवा खाणं एकदम बंद झालं तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा. पोटातल्या जिवाणूंसाठी प्रोबायोटिक द्यायला सांगितलं असेल तर ते अँटिबायोटिकपासून दोन तास लांब ठेवा. त्यासाठी दही मात्र नको. दुधाचं काहीच त्याला पचत नाही.

एक कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: सिरिंज. गिनीपिगला उताणं धरून किंवा समोरून, दातांच्या मधून, अर्धा मिली औषध एकदम दाबलं की त्यातलं थोडं श्वासनलिकेत जातं. अशा रीतीने औषध देता देताच न्यूमोनिया होतो, आणि तो ‘उलटलेली सर्दी’ म्हणून मोजला जातो. बरोबर पद्धत अशी: चारही पाय टेकलेले, टॉवेलमध्ये सैल गुंडाळलेला, मागचा भाग तुमच्या पोटाला टेकलेला. सिरिंज बाजूने, पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून आत सरकवायची. एका दाबाला ०.१ ते ०.२ मिली. जबडा हलताना दिसला, गिळलं, की पुढचा थेंब. घाई झाली तर उरलेलं पाच मिनिटांनी.

दोन वेगवेगळी औषधं पुरेसे दिवस, बरोबर डोसात देऊनही आठवड्यात उलटत असेल तर तिसरं औषध आंधळेपणाने सुरू करण्यात अर्थ नाही. नाकातल्या स्रावाचा स्वॅब घेऊन कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी चाचणी (कोणता जिवाणू आहे आणि तो कोणत्या औषधाने मरतो हे पाहणारी) मागा. स्वॅब नवं औषध सुरू करण्याआधी घ्यायचा, नाहीतर अहवालात काही उगवत नाही. सोबत छातीचा एक्स-रे दोन बाजूंनी आणि दाढांची तपासणी. गिनीपिगच्या दाढा आयुष्यभर वाढतात. वरच्या दाढांची मुळं नाक आणि डोळ्याच्या जवळ असतात. तिथे पू झाला की नाक वाहतच राहतं, वरून कितीही सिरप ओता.

महिन्या-दोन महिन्यांनी उलटलं: पिंजरा, हवा आणि सोबती

इथे नाशिकची हवा मध्ये येते. गिनीपिगला १८ ते २४ अंश मानवतं. थंडीच्या लाटेत शहराचा पारा १० अंशांच्या खाली जातो, निफाडला तर त्याहून बराच खाली, आणि त्याच दिवशी दुपारी ऊन चांगलं तापतं. नुसती थंडी तो एकवेळ सोसतो. पहाट आणि दुपार यांतली ही उडी आणि फरशीवरून सरकणारी झुळूक सोसत नाही. गॅलरीतला पिंजरा नोव्हेंबर ते फेब्रुवारी आत घ्या, जमिनीपासून फूट-दीड फूट उंच ठेवा, खिडकी आणि दार यांच्या सरळ रेषेत ठेवू नका. रात्रीसाठी रबरी गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला दूर जाता येतं. ब्लोअर हिटर नाकातली त्वचा कोरडी करतो, बल्बच्या वायरी तो कुरतडतो. दोन्ही टाळा.

पिंजरा प्लॅस्टिकने घट्ट झाकणं हा थंडीतला नेहमीचा घात. ऊब राहते, पण मुताचा अमोनियाही आत राहतो. अमोनियाने श्वासनलिकेच्या आतले बारीक केस निकामी होतात, आणि धूळ व जंतू बाहेर ढकलण्याचं काम तेच केस करतात. परीक्षा सोपी आहे: सकाळी सफाईच्या आधी आपलं नाक पिंजऱ्याच्या तळाशी न्या. डोळ्यांत चुरचुरलं तर तो रात्रभर त्यातच श्वास घेत होता. झाकायचं तर तीन बाजू जाड चादरीने, वरचा भाग आणि समोरची बाजू मोकळी.

अंथरायला काय? वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा स्वस्त पडतो, पण त्यात पिठासारखी बारीक धूळ असते आणि चीड-देवदारसारख्या लाकडाच्या वासातले फेनॉल श्वासनलिकेला झोंबतात. धुता येणारं फ्लीसचं कापड, खाली पाणी शोषणारा थर, हे सगळ्यात बरं. लेंड्या आणि ओला कोपरा रोज, पूर्ण कापड तीन-चार दिवसांनी. फ्लीस धुताना सुगंधी सॉफ्टनर नको. वासाचा त्रास होतोच आणि कापड पाणी शोषेनासं होतं. पावसाळ्यात फ्लीस आतून दमट राहतं. हाताला कोरडं लागलं तरी गालाला लावून पाहा. ट्रेला मुताचा पांढरा थर बसला असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घालून अर्धा तास ठेवा. आजारपणानंतर निर्जंतुक करायचं असेल तर साधं ब्लीच एक भाग आणि पाणी ३२ भाग, दहा मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुऊन उन्हात. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो. फिनाइल अजिबात नाही.

घरातल्या हवेबद्दल आपण स्वतःशी फारसे प्रामाणिक नसतो. उदबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल, रूम फ्रेशनर, आणि मिसळीच्या तर्रीला फोडणी दिली की माणसांनाच ठसका लागतो तो मिरचीचा खाट. हे सगळं गिनीपिगच्या नाकाला सोसत नाही. पिंजरा स्वयंपाकघर आणि देवघर या दोन्हींपासून लांब ठेवा. दिवाळीच्या चार दिवसांत आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट अंगावर नको, आणि कूलरच्या गवती जाळीला बुरशीचा वास येत असेल तर ती आधी बदला.

गवत हा त्याच्या आहाराचा मोठा भाग, आणि दुखण्याचं मोठं कारणही. पिशवी उघडताच कुबट वास किंवा राखाडी-काळी पूड दिसली तर ते गवत फेकून द्या. उन्हात वाळवून बुरशी जात नाही. चांगलं गवतही पिंजऱ्यापासून लांब, बाहेर झटकून मगच घाला. मारवेलसारखं स्थानिक गवत चालतं, पण ते कुठून कापलं हे विचारा. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांवर फवारण्या चालू असतात आणि बांधावरच्या गवतावर तो फवारा बसतोच. लसूण घास (ल्युसर्नचा चारा) कॅल्शियममुळे मोठ्या गिनीपिगला रोज देऊ नये.

आता जीवनसत्त्व क. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरातही ते तयार होत नाही, आणि साठाही फार दिवस टिकत नाही. कमतरतेत सर्वात आधी सर्दी-खोकल्याला तोंड देण्याची ताकद जाते. हिरड्या, सांधे नंतर बोलायला लागतात. नाशिकमध्ये काय, कुठेही पाळीव प्राण्यांच्या दुकानात सुटे मिळणारे पेलेट (दाबून केलेलं दाणेदार खाद्य) हे पुष्कळदा सशांचे असतात, आणि त्यांत हे जीवनसत्त्व घातलेलं नसतं, कारण सशाला त्याची गरज नाही. गिनीपिगच्या पेलेटमधलंही काही महिन्यांत उडून जातं, म्हणून उत्पादनाची तारीख पाहा आणि तीन महिन्यांत संपेल एवढंच घ्या.

निरोगी गिनीपिगला किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम, आजारी असताना ३० ते ५० मिलिग्रॅम लागतं. मेडिकलमध्ये मिळणारी ५०० मिलिग्रॅमची साधी गोळी कुटून १० मिली पाण्यात विरघळवली तर १ मिलीत ५० मिलिग्रॅम होतं. त्यातलं वजनाच्या हिशेबाने लागेल तेवढंच रोज सिरिंजने द्या, उरलेलं त्याच दिवशी टाकून द्या. पिण्याच्या बाटलीत टाकू नका. उजेडात काही तासांत ते निकामी होतं आणि चव बदलल्याने तो पाणी प्यायचाच कमी होतो. भाज्यांत सिमला मिरची आणि कोथिंबीर रोज, पेरूची एखादी पातळ फोड. द्राक्षं नाशिकची असली तरी या कामाची नाहीत. साखर भरपूर, जीवनसत्त्व नावाला. कांद्याची पात तर देऊच नका, कांदा-लसूण त्याला विषारी.

सोबत्यांचा प्रश्न नाजूक आहे. बोर्डेटेला कुत्र्याच्या आणि सशाच्या नाकात काहीही लक्षण न दाखवता राहू शकतो. ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात ठेवण्याची आपल्याकडची पद्धत बंद करण्याला एवढं एकच कारण पुरे. घरात दोन गिनीपिग असतील आणि एकच शिंकत असेल, तरी दुसऱ्याची तपासणी करा. आलटून पालटून आजारी पडणारी जोडी म्हणजे एकच संसर्ग दोघांत फिरतो आहे. नवीन आणलेला गिनीपिग दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत. जुन्याला आधी खायला घालायचं, नव्याला नंतर, आणि मधे हात धुवायचे. ते दोन आठवडे कंटाळवाणे असतात आणि तेवढेच कामाचे.

औषधाने काहीच फरक नाही: संसर्ग नसेलच तर

वय तीन-चार वर्षांच्या पुढे, नाक कोरडं, डोळे स्वच्छ, पण थोडं पळाल्यावर धाप, कधी हुंकारासारखा आवाज, वजन हळूहळू खाली. ही हृदयविकाराची लक्षणं आहेत. हृदय मोठं होतं, फुप्फुसात पाणी साचतं आणि ऐकायला अगदी न्यूमोनियासारखं वाटतं. एक्स-रे आणि जमल्यास इकोशिवाय हे कळत नाही. कळलं तर औषधं आहेत आणि काही जण त्यांवर बरेच महिने चांगले काढतात. वयस्कर गिनीपिगच्या फुप्फुसात गाठीही होतात. तरुण गिनीपिग फक्त गवत घातल्यावर किंवा कापड बदलल्यावर शिंकत असेल तर धुळीचा त्रास धरा, एक आठवडा गवत आणि अंथरूण बदलून पाहा, मगच औषध.

बरं होईपर्यंत रोज काय

दिवसातली सर्वात महत्त्वाची दोन मिनिटं वजनाची. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा डिजिटल काटा, त्यावर डबा, रोज सकाळी एकाच वेळी, आणि आकडा लिहून ठेवायचा. ३० ग्रॅम इकडेतिकडे होतातच. दोन दिवसांत ५० ते ६० ग्रॅम उतरले तर हाताने भरवायला सुरुवात करा. एकूण वजनाच्या दहा टक्के गेले तर ती तातडीची गोष्ट. नाक चोंदलं की वास येत नाही, वास नाही म्हणून खात नाही, आणि गिनीपिगचं आतडं बारा तासांहून जास्त रिकामं राहिलं की थांबायला लागतं. पुष्कळ गिनीपिग श्वासाने नाही, या थांबलेल्या पोटाने जातात.

भरवण्यासाठी तयार रिकव्हरी फूड मिळालं तर उत्तम. नाहीतर त्याचेच पेलेट मिक्सरमध्ये बारीक करून, एक भाग पूड आणि दोन-तीन भाग कोमट पाणी, पंधरा मिनिटं फुगू द्या. अजिबात खात नसेल तर ९०० ग्रॅमच्या जनावराला एका वेळेला १५ ते २० मिली, दिवसातून पाच-सहा वेळा, त्यातली एक वेळ रात्री उशिरा. श्वास जोरात चालू असताना भरवू नका. आधी नाक मोकळं करा.

नाक मोकळं करण्यासाठी नेब्युलायझर. घरोघरी असतो तोच कंप्रेसरचा चालतो. त्याच्या कपात ०.९ टक्के निर्जंतुक सलाइन ३ ते ५ मिली घ्या. गिनीपिग कॅरिअरमध्ये, वर टॉवेल, एक बाजू हवेसाठी उघडी, नळी आत. १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. औषध आणि खाणं या वाफाऱ्यानंतर द्या, तोपर्यंत नाक सुटलेलं असतं. माणसांचे नेब्युलायझरचे रेस्प्युल (औषधाच्या छोट्या प्लॅस्टिक कुप्या) डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय टाकायचे नाहीत. वापरानंतर कप गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ओल्या कपातले जंतू पुढच्या वेळी थेट छातीत जातात. पातेल्यातली गरम वाफ, बाम, निलगिरीचं तेल, कफ सिरप, पॅरासिटामॉल, तुळस-आल्याचा काढा, यांतलं काही नको. डोळ्या-नाकाच्या पपड्या कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने मऊ करून पुसा, ओढून काढू नका.

तोंड उघडून श्वास, हिरड्या किंवा ओठ निळसर, कुशीवर लवंडणं यांतलं काहीही दिसलं तर नेब्युलायझरही नको, थेट निघायचं. जिथे ऑक्सिजनची सोय आहे तिथे, आणि निघण्याआधी फोन करून विचारून. नाशिकमध्ये छोट्या प्राण्यांचा सराव असलेला डॉक्टर मिळाला नाही तर मुंबईतल्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा पुणे ही पर्यायी ठिकाणं. पण कसारा घाट उतरून जाण्याइतका तो स्थिर आहे का, हे आधी जवळच्या डॉक्टरांकडून पाहून घ्या. गाडीत २२ ते २४ अंश, एसीचा झोत अंगावर नको, कॅरिअर कापडाने झाकलेलं, हातात धरून नाही. सोबत गवत आणि काकडीची फोड ठेवा. बाटली गाडीत गळते आणि अंग ओलं होतं.

दुसऱ्या मतासाठी जाताना आधीच्या औषधांच्या बाटल्या, नुसती चिठ्ठी नव्हे. रोजच्या वजनाचा कागद. शांत बसलेला असतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. आणि प्रत्येक वेळी शेवटचा डोस कधी दिला व पहिली शिंक कधी आली या तारखा. पिंजऱ्यातला जोडीदारही बरोबर न्या आणि त्याचीही छाती त्याच वेळी ऐकून घ्या.